काटा उतरजो, माय!

डाळ मिलमधले किस्से कोंड्यासारखे असतात. रोज झाडून काढा, संध्याकाळी कोपऱ्यात ढीग तयारच! त्यावर सोबत हसणाऱ्या मात्र आता पांगल्या.

अल्लीपूर रोडवरच्या आमच्या मिलमध्ये आम्ही आठ बाया तुरीच्या डाळीतले काळे दाणे हाताने निवडायचो. मग शेठजींनी मशीन आणली. काळा दाणा दिसला की ती हवेची फुंकर मारून उडवते. आम्हाला सांगितलं, "काम असलं तरच बोलावू."

हवेसाठी कॉम्प्रेसर आला, पण हवा साठवायची टाकी शेठजींनी घेतली एवढीशी! मिस्त्री रमेशभाऊ म्हणाले, मोठी घ्या. शेठजी म्हणाले, "हवा का लोणचं आहे, भरून ठेवाले?"

पहिल्याच दिवशी काळे दाणे जास्त निघाले. मशीननं भराभर फुंकरा मारल्या, टाकी रिकामी झाली, हवेचा दाब दाखवणाऱ्या मीटरचा काटा उतरला आणि काळे दाणे सरळ चांगल्या डाळीत! शेठजींचा निरोप आला, "बायाहो, सुपं घ्या अन् बसा निवडाले!"

तेव्हापासून काटा उतरला की आमची रोजी. आमच्यातली सगळ्यात मोठी सुमनबाई. ती रोज सकाळी मीटरपुढे हात जोडायची, "उतरजो, माय!"

रमेशभाऊ चिडायचे, "काकू, काऊन माह्या पोटावर पाय देऊन राह्यल्या?"

"तुह्या नाई रे बाप्पा, टाकीच्या!"

एकदा रमेशभाऊ शेठजींना समजावत होते, "नळ बारीक असला का घरी आपण ड्रम भरून ठेवतो ना? पाहुणे एकदम आले तर ड्रम मोठाच पाहिजे. टाकीचं बी तसंच."

सुमनबाई मधेच म्हणाली, "आमच्या घरी पाहुणे आले का आम्ही शेजारणीचा ड्रम आणतो!"

शेठजींना हे पटलं! त्यांनी मेव्हण्याची जुनी टाकी आणून जोडली. तिच्या तळाशी साचलेलं पाणी कुणी सोडलंच नव्हतं. हवेबरोबर पाणी उडालं, डाळ ओलीचिंब. रमेशभाऊ म्हणाले, "शेठजी, आता फोडणीच राह्यली!"

शेवटी मोठी टाकी आली. माणसाहून उंच. ठेवायला जागा एकच होती. टिनाच्या शेडमधली, आम्ही निवडायला बसायचो ती.

पूजेला शेठजींनी सुमनबाईलाच पुढे केलं. तिनं टाकीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. मशीन सुरू झाली. आम्ही सगळ्या काट्याकडे पाहत उभ्या. तो जरासा थरथरला, पण उतरला नाही.

शेठजींनी प्रत्येकीला मशीनमधून निघालेल्या त्याच डाळीची एकेक पिशवी दिली. सुमनबाई तिथंच खाली बसली. डाळ सुपात ओतली, पाखडली, मग सगळीवरून बोटं फिरवली. पुन्हा एकदा फिरवली.

शेठजी हसून म्हणाले, "काय सापडलं, सुमनबाई?"

"काहीच नाई सापडलं, शेठजी."