गळका हौद

अल मजाजच्या टॉवरमधला, लगूनचं पाणी दिसणारा फ्लॅट सोडून आम्ही शारजातल्या या जुन्या व्हिलात आलो ते फक्त तळघरासाठी. लोक म्हणाले, वेड लागलंय हिला. लागलंच होतं! टॉवरमध्ये लेझीम खेळायची म्हणजे खालच्या मजल्यावरचा माणूस दुसऱ्या ठेक्याला दारात हजर. मग आम्ही बायका मोजे घालून, चवड्यांवर, आवाज न करता लेझीम खेळायचो. सांगा बरं, ही काय लेझीम झाली? तळघरात मात्र खाली नुसती वाळू. हवे तेवढे पाय आपटा! पहिल्या दिवशी आम्ही इतक्या नाचलो की घरी जाताना एकीलाही धड पायऱ्या चढवेनात.

या तळघराला दोन खिडक्या आहेत, जमिनीच्या पातळीखाली. त्यांना उजेड आणि हवा मिळावी म्हणून प्रत्येक खिडकीबाहेर काँक्रीटच्या भिंतींचा एक चौकोनी खड्डा आहे, वरून उघडा. त्याला विंडो वेल म्हणतात, हे मला इथे आल्यावर कळलं. हिवाळ्यात पाऊस असा काही कोसळला की गल्लीत गाड्या तरंगल्या, आणि अंगणातलं सगळं पाणी घराच्या भिंतीकडे येऊन त्या खड्ड्यांतून आमच्या तळघरात उतरलं. लेझिमी गंजल्या, गालिचा गेला. मी जिन्यात बसून भोकाड पसरलं, अगदी लहान पोरासारखं.

आमचे घरमालक म्हणजे इथलेच, पांढऱ्याशुभ्र, पायघोळ अरबी कंदुऱ्यातले वयस्कर गृहस्थ. हिंदी आमच्यापेक्षा बरं बोलतात. त्यांनी मातीचे ट्रक मागवले आणि पाणी घरापासून लांब पळावं म्हणून घराभोवती भर घालून उतार काढून दिला. काम छानच झालं. पण भिंतीपाशी जमीन वीत-दीड वीत वर आली आणि खड्ड्यांचे काठ मातीखाली गेले. आता वाऱ्यानंसुद्धा माती खिडकीवर घसरायला लागली.

मालकांनी बघितलं आणि म्हणाले, "भाभी, ये खिडकी सिरदर्द है. ब्लॉक लगाके बंद करो, खलास."

खलास काय खलास! खिडक्या बुजवल्या तर तळघराची कोठी होणार. तिथं आम्ही पंधरा-वीस बायका घाम गाळणार कशा? मी हातापाया पडायचंच तेवढं बाकी ठेवलं. शेवटी ते म्हणाले, "ठीक है, खड्डा उंच करून बघा. पण मी गणपतीनंतर मुलाकडे परदेशी जातोय. जायच्या आधी मला खात्री पटली पाहिजे, नाहीतर बंद." आणि माणूस शब्दाचा इतका पक्का की दुसऱ्याच दिवशी फाटकाशी ब्लॉकची चळत येऊन पडली. येता-जाता ती दिसली की मी तोंड फिरवायची. शारजात भर उन्हाळ्यात पाऊस आणायचा कुठून, आणि खात्री पटवायची कशी?

कंत्राटदार श्रीवर्धनकडचा. गल्फमध्ये केस पांढरे झालेला, तोंडाचा भलता फटकळ. "वहिनी, मालकानी घर वाचवलानी आणि खिडक्या पुरल्यानी," म्हणाला आणि कामाला लागला. त्याच्या माणसांनी भल्या पहाटे, ऊन चढायच्या आत, खड्ड्यांच्या जुन्या भिंतींच्या माथ्यावर भोकं पाडून सळ्या बसवल्या, फळ्या ठोकल्या आणि काँक्रीट ओतून काठ नव्या जमिनीच्याही वीतभर वर आणला. बाहेरून काळा लेप दिला. तळातला चिखल उपसून नवी खडी भरली, खडीखालचा पाइप साफ करून अंगणाच्या टोकाच्या शोषखड्ड्याला जोडला. खिडकीची चौकट नव्यानं सील केली. उंच भिंतींनी उजेड अडू नये म्हणून आतून पांढराशुभ्र रंगही मारला. मी रोज चहाचा थर्मास घेऊन तिथंच उभी! कुणी थापी जरा वाकडी धरली की माझं सुरू. शेवटी कंत्राटदार म्हणाला, "वहिनी, तुम्ही आत जाऊन नाचा पाहू." वर बसवायची जाळी तेवढी यायची राहिली होती. ती येणार होती इन्शाल्ला गुरुवारी. कुठला गुरुवार, ते काही त्यानं सांगितलं नाही.

त्याच सुमारास पुण्याहून माझे सासरे आले, गणपतीसाठी. बाबांचा स्वभाव म्हणजे रिकामं बसणं पाप. पाच दिवस आरत्या, मोदक, पाहुणे, नुसती धमाल चालली होती. विसर्जन आम्ही दरवर्षी बाल्कनीत, बादलीत करायचो, आणि बाबांना ते मुळीच आवडत नसे. "बाप्पाला बादलीत? मग काय भांडी घासायला ठेवता?" असं फोनवर दरवर्षी ऐकवायचे.

विसर्जनाच्या संध्याकाळी मी मालकांना मोदक खायला बोलावलं होतं. दुसऱ्या दिवशी त्यांचं विमान. खिडक्यांचा निकाल आज लागणार, हे मला माहीत होतं. म्हटलं, गोड तोंडानं तरी लागू दे. आम्ही सगळ्या जणी नऊवारी नेसून तळघरात शेवटची तालीम करत होतो. लेझमीचा 'चार आवाज' हा प्रकार संपवून गिरकी घेतली आणि माझी नजर खिडकीवर गेली.

काचेबाहेर पाणी होतं.

थेंब नव्हे, ओल नव्हे, अर्धी काच बुडेल एवढं पाणी! अगं बाई! माझ्या हातून लेझीम सुटली. बाहेर लख्ख आभाळ, आणि खिडकीत पाणी हेलकावतंय. मी ओचा सावरत जिना चढून बाहेर धावले.

बघते तर बाबा सोवळं नेसून खड्ड्याच्या काठाशी उभे, हातात बागेतला पाइप, चेहऱ्यावर असा आनंद की विचारू नका. काठाला झेंडूचं तोरण, कोपऱ्यात रांगोळी. आणि त्यांच्या शेजारी, मोदकाचं आमंत्रण पाळून अगदी वेळेवर आलेले मालक!

"सूनबाई, किती सुंदर हौद बांधून घेतलास!" बाबा म्हणाले. "आपल्याकडे नदीच्या घाटावर विसर्जनाला बांधतात ना, अगदी तस्सा. पांढरा रंगसुद्धा! मला एका शब्दानं बोलली नाहीस. तळाला खडी दिसली, म्हटलं पाणी ठरायचं नाही, म्हणून खाली कामाचं उरलेलं ते पारदर्शक प्लास्टिक अंथरलं."

जे पाणी बाहेर ठेवायला महिनाभर घाम गाळला, ते आमच्याच घरच्या माणसानं प्रेमानं आत भरलं होतं. मालक कधी पाण्याकडे बघत होते, कधी माझ्याकडे. माझी लेक मागून म्हणाली, "आई, रिलॅक्स. इट्स जस्ट वॉटर." तिला एक ठेवून द्यावीशी वाटली.

"बाबा, बंद करा पाइप!" मी ओरडले. ते दचकले, पाइप सोडून वाकले, आणि त्यांच्या हाताला लागून प्लास्टिकचं एक टोक काठावरून सुटलं. सुटलं ते सरसर आत गेलं. सगळं पाणी प्लास्टिकमागून थेट खिडकीच्या चौकटीवर आणि खडीत कोसळलं. मी डोळे मिटून घेतले. गटगट, गटगट असा आवाज आला. डोळे उघडले तर पाणी उतरत होतं. बघता बघता तळाची खडी उघडी पडली, ओली, चकचकीत.

"अरेरे! गळतोय!" बाबा कपाळाला हात लावून म्हणाले. "कंत्राटदारानं फसवलं गं तुला. हौद गळका निघाला!"

मी ऐकायला थांबलेच नाही. धडाधड जिना उतरले, खिडकीखाली तळवा फिरवला. कोरडं. गुडघ्यांवर बसून कोपरे चाचपले, भिंतीला गाल लावला. कोरडं, ठणठणीत कोरडं! "गळतोय गं बायांनो, हौद गळतोय!" मी ओरडले. जीव असा भांड्यात पडला की मी रडतेय की हसतेय, माझं मलाच कळेना. कुणीतरी हलगी धरली आणि आमचे पाय आपोआप पडायला लागले. मी वरच्या दिशेनं हाका मारत होते, "बाबा, अजून सोडा पाणी! भरपूर सोडा!"

आणि पाणी आलं. जोरात, काचेवरून ओघळत. नाचता नाचता मी वर पाहिलं. काठाशी उकिडवे बसून, कंदुऱ्याच्या बाह्या सावरत मालक स्वतः पाइप धरून होते. काचेवर, चौकटीवर, कोपऱ्यांत, सगळीकडे मारून बघत होते. आमचा ठेका थांबेपर्यंत त्यांनी नळ बंद केला नाही.

वर गेले तेव्हा बाबा अजून खट्टूच होते. बाप्पा पाटावर वाट बघतोय, हौद गळका, म्हणजे पुन्हा ती बादलीच. मालकांनी मला विचारलं, या बाबांना नेमकं काय हवंय? मी सांगितलं. ते तडक फाटकाशी गेले आणि माझ्या खिडक्यांसाठी आणलेला पहिला ब्लॉक स्वतः उचलून बाबांच्या पायाशी आणून ठेवला.

"यल्ला, चलो," ते आम्हा सगळ्यांना म्हणाले, "बाकी का भी लाओ. बाबा का हौज बनाओ."