तळ्याला पाणी आहे का

माझे वडील दर रविवारी सकाळी मुलुंडच्या मागच्या जंगलात एका तळ्यावर जायचे. पंचवीसेक वर्षं ते जात राहिले. असं काही तळं आहे, यावर आईचा विश्वास नव्हता. तिच्या मते ते भांडुपला मित्राकडे पत्ते कुटत. हे ती त्यांच्या तोंडावर म्हणायची. "चल मग एकदा," ते म्हणायचे. ती कधी गेली नाही.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी चढ बंद केला. थंडीतल्या एका शनिवारी ते मला म्हणाले, "उद्या जरा बघून येशील का गं, तळ्याला पाणी आहे का?"

"मीपण येते," आई म्हणाली. पुरावा गोळा करायला असणार.

जंगलाच्या तोंडाशी चौकी आहे. तिथल्या रखवालदाराने वहीत आमची नावं लिहून घेतली.

"कुठे जाणार?"

"तळ्यावर."

"कुठलं तळं?"

आईने माझ्याकडे विजयी नजरेने पाहिलं. मी वडिलांनी काढून दिलेला नकाशा पुढे केला.

"अच्छा, तिथे! तिथे एक टोपीवाले काका जायचे. बरेच दिवस दिसले नाय. गेले काय?"

"नाही," आई म्हणाली. "घरी आहेत. चहा पितायत."

पुढे तासभर चढ होता. मी चाळिशीची, जिमचे पैसे भरलेली, दर वळणावर थांबत होते. आई सदुसष्टची. ती पुढे.

"बिबट्या आला तर?" मी विचारलं.

"चालत राहा. तोही थकला असेल."

तळं आमच्या सोसायटीच्या गच्चीएवढं निघालं. अर्ध्यावर शेवाळ. काठाला एक सपाट दगड होता, आई त्यावर बसली.

"एवढंसंच?"

मग ती गप्प झाली. जागेपणी आई इतका वेळ गप्प राहिलेली मी पाहिली नव्हती. मी घड्याळ बघितलं, वीस मिनिटं झाली होती. समोरच्या फांदीवरून खंड्याने पाण्यात सूर मारला, रिकामा परत आला. पुन्हा मारला, पुन्हा रिकामा. तिसऱ्यांदा चोचीत मासा होता.

"मिळाला," आई म्हणाली. आणि थोड्या वेळाने, "इतकं साधं होतं तर नीट सांगायचं ना मला."

"सांगायचे की ते."

"जोरात सांगायचं." तिने ओढणीने डोळे पुसले आणि ऊन लागतंय म्हणाली. आम्ही सावलीत होतो.

घरी पोचलो तर वडील दारातच उभे.

"आहे पाणी," आई म्हणाली. "एकटे बसून कंटाळायचा नाहीत?"

त्यांनी विचार केला. "पहिली दोन वर्षं कंटाळलो."

"मग?"

"मग नाही."

आईने हातपाय धुतले, कुकर लावला. जेवताना तिने विचारलं, चौकीपर्यंत रिक्षा जाते का. जाते, ते म्हणाले.

पुढच्या रविवारी दोघं रिक्षाने गेले आणि चौकीबाहेरच्या बाकावर बसून आले. तिथून तळं दिसत नाही, नुसती झाडं दिसतात. परतीची रिक्षा उशिरा मिळाली, एवढीच आईची तक्रार होती.