बाईंचा पानभर उपाय

समस्त नाशिककरांनी कामधंदा बाजूला ठेवून ऐकावे, अशी ही अत्यंत गंभीर घोषणा आहे. डोक्यातल्या त्याच त्या विचारांच्या भुणभुणीवर औषध आहे, आणि नव्वदच्या दशकात ते रविवार कारंजाजवळच्या टायपिंग क्लासात मिळत असे!

बढतीसाठी मी तिथे मराठी टायपिंग शिकत होतो. क्लासच्या बाई आमच्याकडे पाठ करून अडकित्त्याने सुपारी कातरत बसत. चूक मात्र त्यांना नुसत्या आवाजावरून कळे.

"खिडकीजवळचं मशीन, चुकलं. कागद बदला, पहिल्यापासून घ्या."

माझ्या शेजारी मनमाडहून येणारी कॉलेजातली मुलगी बसे. कॉलेजची परीक्षा तोंडावर आली आणि एक दिवस तिला रडू फुटले.

"मी नापासच होणार, बाई. दिवसभर हेच डोक्यात फिरतं. मी परीक्षेला बसतच नाही."

आता बाई समजूत घालणार, म्हणून मी कान टवकारले. बाईंनी तिला कोरा कागद दिला.

"हेच वाक्य टाइप कर. पानभर. नियम नेहमीचाच, चुकलं की पहिल्यापासून."

मुलगी मुसमुसत टाइप करू लागली. 'नापास'मधला प हुकला. कागद बदलला, पुन्हा हुकला. हळूहळू हुंदके थांबले, कपाळावर आठी चढली, खटखट रागीट झाली. ही रडते की मशीन फेकते, म्हणून मी हात थांबवून पाहत होतो. बाई शांतपणे सुपारी कातरत होत्या. शेवटी मुलगी ओरडलीच,

"बाई, दुसरं काहीतरी द्या ना! वीट आला मला ह्या वाक्याचा!"