शेटजींच्या धर्मशाळेची शेवटची पंगत

माणसं कमी झाली की किस्से वाढतात, असं मला हल्ली वाटतं. अर्थात चुकतही असेन. गोंदिया स्टेशनजवळ शेटजींची धर्मशाळा आहे. तिच्या ओट्यावरची आमची बैठक आता तिघांवर आली आहे. बोपचे गुरुजी, मेश्राम आणि मी. किस्से मात्र पोत्यानं!

शेटजींना जाऊन शंभरावर वर्षं झाली. तेव्हा रेल्वे नवी होती. लाखेच्या कारखान्यातून त्यांनी पैसा केला आणि त्या पैशातून इथलं मोफत जेवण सुरू केलं. यंदा ट्रस्टवाल्यांनी ते बंद करायचं ठरवलं. पत्नी गेल्यापासून बोपचे गुरुजी दोन्ही वेळा इथंच जेवत. त्याबद्दल कोणी अवाक्षर काढत नव्हतं.

*

पुतळा करायचा ठरला तेव्हा शेटजींचा फोटोच मिळेना. शेवटी शिल्पकाराला त्यांच्या पणतूचा पासपोर्ट फोटो दिला. अनावरणाला पणतू पुतळ्याशेजारीच उभा! गुरुजी म्हणाले, "आता हार कोणाले घालाचा, ते तरी सांगा!"

*

एकदा ऑटोवाल्याला मी शेटजींची सगळी कहाणी ऐकवली. इतिहासाचा डॉक्टर ना मी! उतरताना तो म्हणाला, "सरजी, वो आदमी थे क्या? मैं तो चौक समझता था!"

*

मी शेटजींचं चरित्र लिहितोय. निदान तसं सांगतो. एकदा मेश्राम म्हणाले, "माह्या पणज्याले इथं पंगतीत नाही, बाहेर झाडाखाली वाढत. पण पोटभर वाढत."

मी भीतभीत विचारलं, "हे लिहू?"

"काऊन नाही, सर? पोट भरलं तेही लिहा, कुठं बसवलं तेही लिहा."

ते एक वाक्य मला अजून जमलेलं नाही.

*

शेटजींचा एक नियम शेवटपर्यंत पाळला गेला. जेवणं आटोपली की फाटकात जाऊन तीनदा हाक द्यायची, "कोणी उपाशी हाय का?" कोणी ओ दिली नाही, तरच चूल विझवायची.

शेवटच्या संध्याकाळी आम्ही तिघं पंगतीला बसलो. वरण-भात, वांग्याची भाजी. गुरुजींनी दोनदा भात मागून घेतला. मग मेश्राम फाटकात गेले. हाक दिली. रस्त्यावरून कोणी बोललं नाही. दुसरी दिली. स्वयंपाक करणाऱ्या सयाबाई पाण्याचा तांब्या घेऊन चुलीपाशी उभ्या होत्या.

तिसऱ्या हाकेला माझ्या शेजारून, हात धुता धुता, गुरुजी म्हणाले, "मी हाय ना."

सयाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि पुन्हा तांदूळ धुवायला घेतले.