फोन माझ्याकडे होता

अकोल्याच्या भरती मेळाव्यासाठी आमच्या युनिटच्या पाच गाड्या गेल्या होत्या. तंबू, जनरेटर, पाण्याच्या टाक्या पोचवायच्या आणि मेळावा आटोपला की परत न्यायच्या, एवढंच काम. मी हवालदार, ट्रेड व्हेइकल मेकॅनिक, गाव वलगाव. सगळी नोकरी बर्फात आणि वाळूत काढल्यावर स्वतःच्या मुलखात ड्युटी लागली होती, त्यामुळे मी जरा हवेतच होतो. माझ्यापेक्षा हवेत होता लान्स नायक मंगेश तायडे. तो ड्रायव्हर, भातकुलीचा. परतीच्या वाटेवर बडनेऱ्याला अर्ध्या तासाचा हॉल्ट होता आणि तिथे त्याची बायको अश्विनी लहान मुलीला घेऊन भेटायला येणार होती. ताफ्याच्या प्रमुख सुभेदार साहेबांनी परवानगी दिली होती.

निघायच्या आदल्या संध्याकाळी मंगेशने बूट घासले आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा घासले. "तायडे, लग्नाला चालला का बे?" मी विचारलं. "उस्ताद, लग्नात एवढी घाई नोती," तो म्हणाला आणि हसला.

सकाळी मी पाचही गाड्या तपासल्या. टायर, ब्रेक, ऑइल, खाली वाकून स्टिअरिंगचे जोड. सगळं ठीक होतं. मग फोन गोळा केले. कॉन्व्हॉय, म्हणजे गाड्यांचा ताफा, निघण्याआधी सगळ्या ड्रायव्हरांचे मोबाइल एका पिशवीत जमा करायचे आणि ती पिशवी सगळ्यात मागच्या गाडीतल्या एनसीओकडे, म्हणजे हवालदार किंवा नायकाकडे, द्यायची, असा सुभेदार साहेबांचा नियम होता. पोरं कुरकुर करायची. त्या दिवशी मागच्या गाडीत मी होतो. पिशवी माझ्या मांडीवर होती.

हिवाळ्याचे दिवस होते. दोन्ही बाजूंना तूर उभी, कापसाची वेचणी चाललेली. मूर्तिजापूर मागे टाकलं. मंगेशची अडीच टनी गाडी माझ्या अगदी पुढे, ठरलेलं अंतर ठेवून चालली होती. पिशवीत एक फोन वाजायला लागला. मी पिशवी उघडून बघितलं. मंगेशचा फोन होता आणि पडद्यावर 'अश्विनी' लिहिलेलं होतं. मी तो उचलला नाही. दुसऱ्याच्या बायकोचा फोन उचलून काय बोलणार? दहा मिनिटांत बडनेरा येणारच होतं.

मान वर केली तर पुढची गाडी डावीकडे सरकत होती. ब्रेकचे दिवे लागले. गाडी वळली नाही, थांबलीही नाही, सरळ रस्ता सोडून नाल्याच्या पुलाच्या कठड्यावर गेली आणि खाली उलटली.

मी वायरलेस सेट उचलून सगळ्यात पुढच्या पायलट गाडीला हाक दिली. "पायलट फॉर टेल. नंबर फोर रोडच्या खाली. कॉन्व्हॉय हॉल्ट. ओव्हर."

"टेल, कितने आदमी? ओव्हर."

"दोन. मी उतरतोय. आउट."

आम्ही पोचायच्या आत शेतातल्या बाया धावून आल्या होत्या. एकीने कमरेची कापसाची ओटी सोडून तशीच मंगेशच्या डोक्याखाली ठेवली होती. त्याचा सहचालक, शिपाई बलविंदर, जबडा फुटलेला, पण शुद्धीवर होता. मंगेश ॲम्ब्युलन्स येण्याआधीच गेला. ती बाई त्याच्या कपाळावरून हात फिरवत होती. तिला मी सांगू शकलो नाही की आता राहू दे.

फोन पुन्हा वाजला. या वेळी तो सुभेदार साहेबांनी उचलला.

दुसऱ्या दिवशी एका पेपरात बातमी आली: मोबाइलवर बोलताना ताबा सुटला. कोणी सांगितलं? तर पलीकडच्या टपरीवरच्या एका गृहस्थाने. मंगेश घरी पोचायच्या घाईत होता, बायकोशी बोलत होता, हे भातकुलीपर्यंत सगळ्यांना ठाऊक झालं. मला ठाऊक होतं की फोन माझ्याकडे होता. पण चौकशी चालू असताना साक्षीदाराने बाहेर बोलायचं नसतं. त्याला तिरंग्यात गावी नेलं तेव्हाही मी मोडक्या गाडीवर पहाऱ्याला होतो.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी बसली. नाव कोर्ट असलं तरी ही खात्याचीच चौकशी, वकील वगैरे नसतात. प्रमुख एक मेजर साहेब होते. तिखट माणूस. त्यांनी टपरीवाल्या गृहस्थाला बोलावून घेतलं आणि भाषेसाठी मला उभं केलं.

"आपने देखा?"

"पाह्यलं नाई साहेब. धाड आयकू आली मंग गेलो."

"मग फोनवर बोलत होता हे कसं कळलं?" मी विचारलं.

"असंच असते ना आजकाल," तो म्हणाला. मला त्याला नाल्यात ढकलावंसं वाटलं, पण मी सावधानमध्ये उभा होतो.

मी पिशवीचं सांगितलं. मेजर साहेबांनी माझ्याकडे बघितलं. "और दूसरा फोन?"

प्रश्न चुकीचा नव्हता. एक फोन जमा करायचा आणि दुसरा खिशात लपवायचा, हा फौजेतला जुना धंदा. मंगेशकडे दुसरा फोन नव्हता हे मी छातीठोकपणे सांगू शकत नव्हतो. शिवाय दुसरं एक होतं. त्या गाडीखाली सकाळी मीच वाकलो होतो. चूक मंगेशची नसेल तर मग कोणाची? रात्री झोप लागेना. बायकोला वलगावला फोन केला तर ती म्हणाली, "तुमचा आवाज असा कावून येते?" मी म्हटलं, सर्दी झाली.

मेजर साहेबांनी आम्हा सगळ्यांना पुलाजवळ एका ओळीत उभं केलं. पुलापासून मागे, रस्ता, साइडपट्टी, तुरीचं शेत, सगळं पायाखालून घालायचं. आम्ही फोन शोधत होतो. काळ्या मातीत ढेकळं उलटीपालटी केली. फोन मिळाला नाही. पण रस्त्याच्या मधोमध चालणारे साहेब एकाएकी खाली बसले.

"हवालदार, इधर आ."

डांबरावर एक ओरखडा होता. बोटभर रुंद, ताजा. तो सुरू झाला होता तिथे चाकांच्या खुणा अजून सरळ होत्या. गाडीने रस्ता सोडला होता तो तिथून बराच पुढे. म्हणजे गाडी पुलावर आदळून काही तुटलं नव्हतं. आधी काहीतरी तुटून रस्त्यावर घासत गेलं होतं आणि मग गाडी खाली गेली होती.

आम्ही क्रेनने गाडी सरळ केली. स्टिअरिंगची हालचाल चाकांपर्यंत नेणारा दांडा एका टोकाने लोंबकळत होता, टोक घासून चकचकीत झालेलं. त्याच्या जोडातला खुंटा तुटला होता. मी तो तुकडा पुसून उन्हात धरला. तुटलेल्या तोंडाचा अर्धा भाग जुना, काळा पडलेला. उरलेला अर्धा ताजा, पांढरा. आतल्या आत चीर वाढत आली होती आणि त्या सकाळी उरलंसुरलं लोखंड तुटलं.

"बाहर से दिखता?" साहेबांनी विचारलं.

"नाही सर. रबर आणि ग्रीसच्या आत आहे. जोड खोलल्याशिवाय ती चीर कोणालाच दिसली नसती."

ते म्हणाले, "लिखो." मी खाली मातीतच बसलो. कितीतरी दिवसांनी पोटभर श्वास घेतला. मंगेशही सुटला होता आणि मीही.

बलविंदरचा जबडा तारांनी बांधलेला होता. त्याची साक्ष साहेबांनी हॉस्पिटलमध्ये घेतली, मी बरोबर होतो. तो दातांच्या फटीतून बोलला. "स्टीयरिंग फ्री घूम गया, सर. मंगेश दोनों हाथों से घुमा रहा था. बोला, पकड़ के बैठ."

त्यानंतर युनिटमधल्या त्या बनावटीच्या सगळ्या गाड्यांचे जोड खोलून बघण्याचा हुकूम निघाला. आणखी दोन गाड्यांत तशीच चीर सापडली. त्या दोन्ही गाड्या पुढच्याच आठवड्यात माणसं घेऊन डोंगरात जाणार होत्या.

मेजर साहेबांनी मला बोलावलं. "घर काग़ज़ जाएगा. लेकिन तू भी जा. तू उधर का है."

मी रजा घेतली आणि भातकुलीला गेलो. मंगेशचे वडील ओट्यावर बसले होते. त्यांनी कागद आधीच वाचला होता. "गाडीचा दोष निघाला म्हंते," ते म्हणाले. "माह्या मनाले बरं वाटलं. पन सून आयकत नाई. तिनं बडनेऱ्याहून फोन लावला होता ना. म्हंते, मीच मारलं त्याले. फोनाले हात लावत नाई तवापासून."

अश्विनी पाणी घेऊन आली आणि दाराशी उभी राहिली. मी इकडचं तिकडचं काही बोललो नाही.

"वहिनी, तुमचा फोन वाजला. पन त्याच्याजवळ नाई. माह्याजवळ वाजला."

तिने पाण्याचा तांब्या खाली ठेवला.

"निघाच्या आधी सगळ्याईचे फोन जमा करतो आमी. पिशवी माह्या मांडीवर होती, मागच्या गाडीत. तुमचं नाव मी सोताच्या डोयानं पाह्यलं."

"त्याले आयकू नाई गेला?"

"कसा जाईन? तो पुढच्या गाडीत होता."

"दुसरा फोन..."

"नोता. मानसं लावून शेत धुंडलं आमी."

"पुन्यांदा सांगा, भाऊजी."

मी पुन्हा सांगितलं. पिशवी, मांडी, मागची गाडी. ती भिंतीला टेकून खाली बसली आणि मोठ्याने रडली. तिच्या सासऱ्यांनी टोपी काढून डोळे पुसले आणि म्हणाले, "रडू द्या. आज पह्यल्यांदा रडून राह्यली." मी रडू दिलं. मलाही हलकं वाटत होतं, हे लपवण्यात अर्थ नाही. बऱ्याच वेळाने तिने तोंड धुतलं, चहा ठेवला, आणि चहा देताना थबकली.

"मंग मी तिथं येऊन उभी होती, हे त्याले माईतच नाई पडलं?"

या प्रश्नाची मी तयारी केली नव्हती.

"माईत होतं," मी म्हटलं. "अकोल्याहून निघतानी तो मले म्हणे, उस्ताद, मी पोचाच्या तासभर आधीपासूनच ती बडनेऱ्याले उभी राहीन, पाहा तुमी. फोन कराची गरजच नोती त्याले."

ती हसली. डोळे भरलेले होते, पण हसली. "तासभर नाई," ती म्हणाली. "दोन तास उभी होती."

आता मी पेन्शनवर आहे. अश्विनी फोन वापरते, मुलीच्या शाळेचं काही असलं की मला विचारते. पेपरातली ती बातमी मात्र कोणी दुरुस्त केली नाही. मी दोनदा पेपरच्या कचेरीत जाऊन आलो, त्यांनी चहा पाजून परत पाठवलं. आमच्याकडे अजूनही मंगेशचं नाव निघालं की एखादा नवा माणूस म्हणतो, अच्छा, तो फोनवाला का.

म्हणून हे लिहिलं. लान्स नायक मंगेश तायडे, ड्रायव्हर, राहणार भातकुली. तो फोनवर बोलत नव्हता. त्याचे दोन्ही हात स्टिअरिंगवर होते.