सव्वासतराशे मजले

"पत्ता सांगा."

अठराव्या मजल्यावर, जिन्याच्या वळणावर ते थांबायचे, कठड्याला हात टेकून मागे वळायचे आणि हे म्हणायचे. पाठीवरच्या सॅकमध्ये दहा किलो तांदूळ, शर्ट घामाने चिंब, आणि चेहरा मात्र इमिग्रेशनच्या काउंटरवरचा. एरवी मला अरेतुरे करणारा हा माणूस एवढ्या एका प्रश्नापुरता अहोजाहोवर यायचा. मग आपण धापा टाकत ब्लॉक, मजला, दार आणि सहा आकडी पोस्टल कोड असं सगळं ओळीने म्हणायचं. एक आकडा अडखळला की तीन मजले खाली उतरून परत वर.

तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल, जो आपल्याला छळतोय की जपतोय हे पटकन ठरवता येत नाही. ह्या काकांच्या बाबतीत मला ते ठरवता आलं नाही, आणि जे ठरवलं ते चुकलं.

ते आमच्या कंपनीत सेफ्टी ऑफिसर होते. मूळचे कऱ्हाडचे, वय सत्तावन्न, सिंगापुरात वीस वर्षं काढलेली. साइटवर त्यांचा दरारा असा, की ते येताना दिसले की लोक आधीच घातलेलं हेल्मेट पुन्हा घालायचे. राहायला बुकित पंजांगला, पंचवीस मजली ब्लॉकमध्ये. हिमालयातल्या एका खिंडीने त्यांना वेड लावलं होतं. तीनदा गेले आणि तिन्ही वेळा ती न ओलांडता परत आले. एकदा बर्फ पडला, एकदा रस्त्यावर दरड कोसळली, एकदा बरोबरच्याचा पाय मुरगळला. "चौथ्यांदा जमवणार," असं ते अगदी शांतपणे सांगायचे.

आता ज्या देशातली सगळ्यात उंच टेकडी अर्ध्या तासात चढून होते, तिथे राहून हिमालयाची तयारी करायची कशी? त्यावर काकांनी जिना शोधून काढला होता. आमच्या मराठी मंडळातल्या ट्रेकवाल्या सात जणांना ते दर रविवारी सकाळी आपल्या ब्लॉकचा जिना चढवायचे. हळूहळू त्यांना सगळं जगच मजल्यांत दिसायला लागलं. शेवटचं गाव म्हणजे हजारावा मजला. खिंड म्हणजे सव्वासतराशे.

बाराव्या मजल्यावरच्या चिनी आजी दार उघडून दर रविवारी आम्हाला बघायच्या. "लिफ्ट स्पॉइल आ, अंकल?"

"नो, नो, आंटी. हिमालया."

"वा... सो फार. स्टिल मस्ट क्लाइंब, आ?" त्यांनी बहुतेक तक्रार केली असावी, कारण एकदा खरंच एक माणूस येऊन धडधाकट लिफ्ट तपासून गेला.

पत्त्याचं कारण मी एकदा विचारलं होतं. "वर हवा विरळ झाली की आपल्याला वाटतं पाय जातील," काका म्हणाले. "पाय शेवटी जातात. आधी डोकं जातं. आणि ज्याचं जातं त्याला ते कळत नाही, ही त्यातली गंमत. तो म्हणतो, मी एकदम ठणठणीत आहे." म्हणून पत्ता. माणसाला झोपेतून उठवलं तरी जो सांगता येतो, तोच चुकायला लागला तर समजायचं. त्यांचा नियम सरळ होता: जो चुकला तो त्याच दिवशी खाली उतरणार, वाद नाही.

मी तेव्हा क्लेमेंटीला एका फ्लॅटमधल्या खोलीत भाड्याने राहत होतो. चार वर्षं तिथेच. सहा महिने दर रविवारी बस पकडून बुकित पंजांगला यायचो आणि अठराव्या मजल्यावर क्लेमेंटीचा पत्ता म्हणायचो. ऑगस्टमध्ये माझी बायको पुण्याहून आली. काकांनीच त्यांच्या ब्लॉकमधला नवव्या मजल्यावरचा फ्लॅट आम्हाला मिळवून दिला. ट्रेकची गोष्ट तिला मुळीच पसंत नव्हती. एवढ्या लांब संसार मांडायला आणलंस आणि लगेच डोंगरात चाललास, असं तिचं म्हणणं, आणि ते चुकीचं नव्हतं. काका घरी येऊन तिच्या हातचे पोहे खाऊन गेले आणि जाताना म्हणाले, "सूनबाई, जसा नेतोय तसा आणून देईन."

सप्टेंबरात आम्ही निघालो. ते शेवटचं गाव मला अजून दिसतं. पाटीच्या दगडांची छपरं, लाकडी घरं, पिकायला आलेला राजमा आणि गुलाबी फुलांनी भरलेली कुट्टूची शेतं. आमचे स्वयंपाकी नेगीजी त्याच गावचे, पन्नाशीचे, कमी बोलणारे. गावात काकांना सगळे ओळखत होते. तीनदा येऊन खिंड न ओलांडता गेलेला माणूस म्हणून ते तिथे प्रसिद्धच होते म्हणा ना.

तिथून तीन दिवसांनी खिंडीखालच्या मुक्कामी पोचलो. दुसऱ्या दिवशी पहाटे खिंड. दुपारी तीनच्या सुमारास मी आणि काका आमच्या तंबूत होतो, बाकीचे बाहेर चहाला. मी बूट काढत होतो.

"पत्ता सांगा."

मी सांगितला. कुठेही न अडखळता, पोस्टल कोडसकट, क्लेमेंटीचा.

काका माझ्याकडे बघत राहिले. मग अहोजाहो सोडून म्हणाले, "सॅक भर."

"काका, महिनाच झालाय घर बदलून! सहा महिने तुमच्याच जिन्यावर हाच पत्ता घोकलाय मी."

"असेल."

"मला काहीही होत नाहीये. एकदम ठणठणीत आहे मी."

हे बोललो आणि मलाच कसंतरी झालं. सॅक काकांनीच भरली. बाहेर जाऊन लीडरला एवढंच सांगितलं, "आम्ही दोघं उतरतोय. तुम्ही व्हा पुढे." आमचा लीडर एका बँकेत मॅनेजर होता, त्याने दोनदा कारण विचारलं. काका नुसता हात हलवून निघाले. नेगीजी आमच्याबरोबर आले.

ती उतरण मला फारशी आठवत नाही. रागात होतो म्हणून असेल, असं मी धरून चाललो.

गावात नेगीजींच्या घरी आम्ही दोन दिवस होतो. मी छपरावर फुगून बसलेलो आणि काका अंगणात नेगीजींच्या आईबरोबर राजम्याच्या शेंगा सोलत. ती तिच्या बोलीत बोलायची, हे मराठीत. "पाऊस कमी झाला का हो यंदा?" असं काका विचारायचे, ती काहीतरी लांबलचक सांगायची, आणि दोघं मान हलवायचे. चौथ्यांदा खिंड हुकलेला माणूस एवढा खुशीत कसा, हे मला कळेना. तेव्हा माझ्या डोक्यात पहिल्यांदा आलं, की ह्यांनाच जायचं नसेल. ह्यांचीच छाती दडपली असेल आणि माझ्या पत्त्याचं निमित्त सापडलं असेल. हा विचार मला आवडला. तो मी जवळ ठेवला.

परत आल्यावर मंडळाच्या हॉलमध्ये ट्रेकचे फोटो दाखवायचा कार्यक्रम झाला. खिंडीवरच्या सहा जणांचा फोटो आला, टाळ्या झाल्या. कुणीतरी विचारलं, बाकीचे दोघं कुठे? काका उठून उभे राहिले.

"माझंच डोकं फिरलं वर," ते म्हणाले. "काही समजेना. ह्या पोराने स्वतःची खिंड सोडली आणि मला खाली आणलं."

लोकांनी माझ्यासाठी टाळ्या वाजवल्या. बायकोने माझा दंड धरला. लग्न झाल्यापासून तिने माझ्याकडे इतक्या कौतुकाने कधी बघितलं नव्हतं. मी उठून म्हणायला हवं होतं, की नाही, तसं नाही. पण तसं नाही तर कसं, हे मला तरी कुठे नक्की माहीत होतं? मी बसून राहिलो. मानसुद्धा हलवली असेल, विनयाने.

घरी जाताना काका माझ्याबरोबर लिफ्टने आले. जिना सोडून लिफ्टने येताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

"असं का सांगितलंत काका?"

"काय सांगितलं? खरंच डोकं दुखत होतं माझं."

"मला नाही बोललात."

"तू विचारलंस कुठे?"

नववा मजला आला, दार उघडलं, मी उतरलो. आता ह्यात खरं काय, तुम्हीच सांगा. त्यांनी माझ्या बायकोला शब्द दिला होता म्हणून खोटं बोलले? की खरं तेच बोलले, आणि मीच त्यांच्यावर संशय घेत होतो? घरात शिरल्यावर बायकोने विचारलं, "काका बरे आहेत ना आता?" मी म्हटलं, "आता बरे आहेत." दोन-तीन महिन्यांत मला खरंच वाटायला लागलं, की मी त्यांना धरून उतरवलं होतं. त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता असंही आठवायला लागलं.

पुढच्या वर्षी तोच ग्रुप पुन्हा त्याच खिंडीवर जायचा म्हणून यादी करायला लागला. काकांचं ते शेवटचं वर्ष. जूनमध्ये कंपनीतलं काम संपणार होतं, एम्प्लॉयमेंट पास संपला की कायमचं कऱ्हाड. तिथून ते सप्टेंबरात थेट नेगीजींच्या गावी येऊन आम्हाला गाठणार होते. तिकिटाच्या तारखाही बघून ठेवल्या होत्या त्यांनी.

लीडरने मला हॉकर सेंटरवर, खाण्याच्या गाळ्यांपाशी गाठलं. दोन कोपी, म्हणजे इथली दाट कॉफी, घेऊन बसलो. "तू होतास त्यांच्याबरोबर," तो म्हणाला. "तूच सांग. घ्यायचं का काकांना? पुन्हा वर डोकं फिरलं तर जबाबदारी आपली."

एवढंच वाक्य बोलायचं होतं: चुकीचा पत्ता मी सांगितला होता. मी चमचा कोपीत फिरवत बसलो. मग म्हणालो, "तसे फिट आहेत... पण वय झालंय आता."

झालं. तेवढं पुरलं. जागा भरल्या असं काकांना कळवण्यात आलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ते आमच्याकडे आले. मला वाटलं, आता विचारतील. चहा घेतला, कप खाली ठेवला आणि म्हणाले, "बरोबर आहे त्यांचं. मी असतो तर मीही हेच केलं असतं. सेफ्टी म्हणजे सेफ्टी." उठता उठता म्हणाले, "तुझी तयारी मात्र मोडू नकोस. रविवारी सहाला ये."

आणि जूनपर्यंत दर रविवारी सत्तावन्न संपून अठ्ठावन्नाव्यात गेलेला तो माणूस, स्वतःला कुठेही जायचं नसताना, पाठीवर तांदूळ घेऊन माझ्यापुढे पंचवीस मजले चढत राहिला. मला लाज वाटत होती. पण लाज वाटत असूनही मी जात होतो, हेही सांगून टाकतो. चांगी विमानतळावर त्यांना पोचवायला गेलो तेव्हाही बोलायचं ठरवलं होतं. काकू सामानाची वजनं करत होत्या, काका कुणाची तरी बॅग उचलून देत होते, आणि त्या गडबडीत ते राहून गेलं असं मी स्वतःला सांगितलं.

सप्टेंबरात मी गेलो. गावात नेगीजींनी विचारलं, "अंकल नहीं आए?" मी म्हटलं, "वो कराड वापस चले गए." त्यांच्या आईने राजम्याची एक पिशवी आणून दिली, अंकलसाठी.

खिंडीवर पोचलो ते सकाळी दहाच्या सुमारास. वर पताका, दगडांची रास, पलीकडे उतारच उतार. आम्हा सात जणांना नेगीजींनी गरम सरबत दिलं. सगळे मिठ्या मारत होते. मला काही वाटत नव्हतं. एवढ्यासाठी ते सगळं केलं का, असं वाटण्याइतकंसुद्धा नाही.

लीडरने माझ्या खांद्यावर हात टाकला आणि नेगीजींना म्हणाला, "आज इनका दिन है. पिछले साल अंकल को नीचे ले गए थे, इसलिए रह गया था."

नेगीजी हसले. त्यांना ती थट्टाच वाटली. "कौन, ये? साहब, इनको तो अंकल लेके गए थे. अपनी कमर से रस्सी बाँध के. जूते उल्टे पहने थे इन्होंने, अंकल ने बैठ के ठीक किए. और ये मेरे से पूछ रहे, बस का नंबर क्या है, घर जाना है." मग माझ्याकडे बघून, अगदी मायेने, "मैंने बोला, साहब, बस तो नीचे मिलेगी. याद है न?"

मला आठवत नव्हतं. दोरी नाही, बूट नाहीत, बस नाही. त्यातलं काहीही नाही.

लीडरने खांद्यावरचा हात काढला.

"मग काकांना आपण का नाही आणलं?" त्याने विचारलं.

"माझ्यामुळे," मी म्हणालो. वारा इतका होता, की त्याला ऐकू गेलं की नाही कळेना. म्हणून तेच पुन्हा एकदा मोठ्याने म्हणालो.