आखाजीच्या आदल्या दिवशी अडकलेला क्लच

"कितला टाइम लागी भाऊ?" गिरणीवाल्या नानांनी विचारलं.

"एक तास," मी म्हणालो. तोवर मी बॅगही उघडली नव्हती.

गाव पिंपळनेरच्या पुढे, डोंगराच्या पायथ्याशी. साल सत्तरच्या आसपासचं. गावात वीज नव्हती, पिठाची गिरणी डिझेल इंजिनावर चालायची. मी धुळ्यातल्या एका इंजिनांच्या दुकानात सर्व्हिस मेकॅनिक होतो. नोकरीला जेमतेम वर्ष झालं होतं, त्यामुळे मला सगळं येत होतं.

दुसऱ्या दिवशी आखाजी होती. खानदेशाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो, अक्षय्यतृतीया ती आमची आखाजी, आणि आमच्याकडे तिचा मान दिवाळीच्या तोडीचा. लेकी माहेरी येतात, झाडांना झोके बांधले जातात आणि घरोघरी मांडे होतात. मांडा म्हणजे उपड्या खापरावर भाजलेली, ताटात न मावणारी पुरणपोळी. तिला गव्हाचं पीठ ताजं आणि बारीक लागतं. गिरणीच्या दारापासून पारापर्यंत गव्हाच्या डब्यांची रांग लागली होती आणि डब्यांच्या मालकिणी लिंबाच्या सावलीत बसल्या होत्या.

पहिला डबा हिराआक्कांचा. साठीच्या बाई, आवाज असा की इंजिन चालू असतानाही ऐकू यावा. त्या थेट माझ्यासमोर आल्या.

"खरं सांग रे भाऊ. व्हनार नसई ते आम्ही आत्तेच पिंपळनेरले निंघतस. ऊन चढाना आधी पोचसूत."

"आक्का, निवांत बसा. एक तास म्हणजे एक तास."

त्या बसल्या. त्या बसल्या म्हणून बाकीच्याही बसल्या.

बिघाड साधा होता. क्लचची प्लेट जळाली होती. इंजिन बंद न करता गिरणीचं जातं थांबवायचं आणि सुरू करायचं, हे क्लचचं काम. आता इंजिन फिरत होतं, पण पट्टा जागचा हलत नव्हता. नवी प्लेट माझ्याजवळ होती. ती बसवायची तर क्लच शाफ्टवरून उतरवायला हवा, आणि खरी गंमत तिथेच असते. शाफ्टचं टोक गाजरासारखं निमुळतं, क्लचचं भोकही तसंच. याला आम्ही टेपर म्हणतो. मधला बोल्ट आवळला की क्लच त्या टेपरवर असा बसतो की पुढे बोल्ट काढून घेतला तरी तो शाफ्ट सोडत नाही. मग लागतो पुलर. पुलर म्हणजे एक जाड, लांब बोल्ट. तो क्लचच्या तोंडातल्या आट्यांत पिळायचा. त्याचं नाक आत शाफ्टला टेकतं. शाफ्ट काही हलत नाही, मग क्लचला मागे यावं लागतं.

मी पुलर पिळला. पान्याला हातभर पाइप लावून पिळला. बोल्ट डोक्यापर्यंत आत गेला आणि थांबला. क्लच ढिम्म.

पुलरचं नाक शाफ्टला टेकतच नव्हतं. ते का, हे जगात फक्त मला ठाऊक होतं. दोन महिन्यांपूर्वी खोलीत आरसा टांगायचा होता. छिन्नी सापडेना, म्हणून मी भिंतीच्या काळ्या दगडात पुलर ठोकला. नाकाचा टवका उडाला. दुकानातल्या साहेबांना कळू नये म्हणून मी उरलेलं नाक कानशीनं घासून सपाट केलं. दिसायला फार सुरेख झालं होतं. फक्त बोटाच्या पेराएवढं आखूड.

मग मी डोकं लढवायला लागलो. फट भरायला नानांच्या बैलगाडीची जुनी खीळ कापून आत घातली. ती लोखंडाची होती, पण मनानं मऊ निघाली. वाकली आणि आतच अडकली. ती काढण्यात तास गेला. क्लच ब्लोलॅम्पच्या ज्योतीनं तापवला, लाकडी हातोड्यानं बडवला. त्यात अकरा वाजून गेले.

लिंबाखालून एकीनं विचारलं, "काय रे भाऊ, तुना घंटा धुयाना शे का आठला?"

माझा तास धुळ्याचा की इथला, असं तिला विचारायचं होतं. मी हसलो. कुणी हसलं नाही.

हिराआक्का उठून दारात आल्या. "मन्या दोन्ही पोरी येल शेतस. धाकली तीन वरीसमा पयलांदा उनी. आत्ते इतला उनमा डबा डोकावर लिसन कोठे जाऊ? तिठली गिरनीवर बी रांग व्हई. सकाय आखाजीले पोरीस्ले काय खावाडू?"

घरोघरी दळायला जाती होती, पण गिरणी आल्यापासून त्यांना टाकीचे घाव घालून धारही लावलेली नव्हती. सकाळीच खरं बोललो असतो तर एव्हाना सगळ्या जणी पीठ घेऊन परत आल्या असत्या. आता बोलायलाच हवं होतं. पुलर, भिंत, आरसा, सगळं सांगून टाकलं.

आक्कांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "मंग दखी ले आत्ते त्या आरसामा तुनं तोंड."

एक उपाय उरला होता. आमच्या जुन्या फोरमननं सांगितलेला. आतली पोकळी ग्रीसनं गच्च भरायची आणि वरून बोल्ट पिळायचा. ग्रीस दाबून लहान होत नाही. त्याला जायला जागा नसते, म्हणून ते क्लचला ढकलतं. मी ग्रीस भरलं, बोल्टाच्या आट्यांवर दोरा गुंडाळला आणि पिळला. आटे झिजलेले होते. त्यांच्या वळणावळणानं ग्रीस बाहेर आलं आणि शेवटची पिचकारी माझ्या मिशीवर बसली.

सकाळपासून पहिल्यांदा लिंबाखाली हसू फुटलं.

आक्का हसल्या नाहीत. त्यांनी जमिनीवरचं ग्रीस बोटावर घेऊन चोळलं. "हाई पातय शे. निंघी जाई नई ते काय? मांडास्नी कनिक घाल. ती लांबस, पन तुटत नई."

नाही म्हणायला माझ्याकडे दुसरा उपाय हवा होता. तो नव्हता.

आक्कांच्या घरी वाटीभर गव्हाचं पीठ शिल्लक होतं. ते त्यांनी भिजवलं, तेलाचा हात लावून पाट्यावर आपटून आपटून तिंबलं आणि ओल्या फडक्यात उंडा घेऊन आल्या. मी आतलं ग्रीस पुसून काढलं. कणीक अंगठ्यानं ठासून भरली, एवढीही हवा राहू दिली नाही. बोल्ट लावला. पहिला फेरा हातानं गेला. दुसऱ्याला बोल्टाच्या कडेनं शेवईसारखी एक बारीक तार बाहेर आली आणि तिथेच थांबली. तिसऱ्याला पाइपला मी आणि नाना दोघं लोंबकळलो.

"थांब," आक्का म्हणाल्या. "तिले दम लेवू दे."

थांबलो. पाव फेरा आणखी दिला. पुन्हा थांबलो. मग बंदूक उडावी तसा 'ठाप्' आवाज झाला आणि मणभर वजनाचा क्लच शाफ्टवरून उडी मारून खाली आला. खाली कोंड्याचं पोतं होतं म्हणून माझा पाय वाचला. ते पोतं नानांनी सरकवलं होतं. मला सुचलं नव्हतं.

प्लेट बदलायला वीस मिनिटं लागली. जातं साफ व्हावं म्हणून आधी गुरांची ज्वारी भरडली आणि मग हिराआक्कांचा डबा ओतला. दिवेलागणीच्या आत शेवटची बाई पीठ घेऊन गेली. शेवटची बस केव्हाच गेली होती, त्यामुळे दुसऱ्या दिवशी मी आक्कांच्या ओसरीवर जेवायला होतो. आमरसात बुडवून दोन मांडे खाल्ले. तिसऱ्याच्या वेळी धाकट्या लेकीनं विचारलं, "तूप वाढू, का ग्रीस?"

धुळ्याला येऊन रिपोर्ट लिहिला. वापरलेलं साहित्य : क्लच प्लेट एक, कणीक एक उंडा.

आमचे सर्व्हिस मॅनेजर देसले साहेब. त्यांनी चष्मा वर केला. "हे काय? रिपोर्ट कंपनीकडे जातो, माहितीय ना?" आणि लाल शाईनं कणीक खोडून वर 'ग्रीस' लिहिलं.

वर्षभरानं साहेब स्वतः एका गिरणीसाठी पाचोऱ्याला गेले. दुपारी दुकानात ट्रंक कॉल आला.

"अरे, इथे आटे गेलेत. ग्रीस टिकत नाही. ती तुझी कणीक किती सैल होती?"

"फाइल बघून सांगतो, साहेब."

"फाइलमध्ये नाहीये! मीच खोडलंय ते!"

मला तरी कुठे ठाऊक होतं? पाणी आक्कांनी घातलं होतं. साहेबांनी पाचोऱ्यात तीन घरांतून तीन उंडे मागवले. पहिला गळाला, दुसरा घट्ट पडला, तिसऱ्यानं क्लच सुटला.

म्हणून नव्या पोरांना मी एवढंच सांगतो. रिपोर्टमध्ये जे वापरलं तेच लिहावं. आणि कणीक वापरली असेल, तर पाणी किती घातलं तेही विचारून लिहावं.